आपल्या नावाचे पुराण

अठराव्या शतकाच्या मध्यावर गंगाराम नावाच्या एका बंगाली कवीने पुराण लिहिले आणि त्याला आपल्या प्रांताचे नाव दिले: ‘महाराष्ट पुराण’. ‘महाराष्ट्र’मधला शेवटचा रकार तेवढा हस्तलिखितात गळला आहे. पुराण म्हटले की आपल्याला देवांच्या कथा आणि तीर्थांची माहात्म्ये आठवतात. इथे माहात्म्य कोणाचेच नाही. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालात शिरतात, गावे जळतात आणि माणसे वाट फुटेल तिकडे पळतात, एवढीच या पुराणाची कथा आहे. आज उपलब्ध आहे ते त्याचे पहिले कांड, ‘भास्कर पराभव’. हा भास्कर म्हणजे रघूजी भोसल्यांचा दिवाण भास्करराम कोल्हटकर. बंगालात तो भास्कर पंडित या नावाने ओळखला जातो.

हस्तलिखितावर बंगाली सन ११५८ आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने १७५१. याच वर्षी बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने तह केला, दरसाल बारा लाख रुपये चौथाई कबूल केली, ओडिशाचा वसूल भोसल्यांकडे गेला आणि जवळजवळ दहा वर्षे चाललेल्या स्वाऱ्या थांबल्या. तहाची गोष्ट मराठी इतिहासाच्या पुस्तकांत येते. पुराणाची येत नाही.

मी कोलकात्यात राहते, बंगाली वाचते आणि मराठीत लिहिते. या शहरात मराठी माणसाला प्रेम भरपूर मिळते, पण ते मिळण्याआधी एखादा खोडकर मित्र ‘बर्गी’ म्हणून हाक मारतोच. इथली मुले ज्या अंगाईवर झोपी जातात, त्या अंगाईत बर्गी येतात, पाखरांनी धान फस्त केलेले असते आणि आता खंडणी द्यायची कशी, ही काळजी असते. गेली पावणेतीनशे वर्षे बंगाली आया हे गात आल्या आहेत. निवडणुकीच्या सभांतून बाहेरून आलेल्या पुढाऱ्यांना आजही बर्गी म्हटले जाते. एका भाषेतल्या लोकांची दुसऱ्या भाषेतल्या अंगाईत अशी जागा असेल, तर त्याची दखल आपल्या समीक्षेनेही घ्यायला हवी, असे मला वाटते.

शब्दापासूनच सुरुवात करू. बर्गी म्हणजे आपला बारगीर. मराठ्यांच्या फौजेत जो स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई तो शिलेदार, आणि ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर. बारगीर हा चाकर माणूस, फौजेच्या हिशेबवहीतला एक प्रकार. मराठीत हा शब्द आज इतिहासाच्या अभ्यासकांखेरीज कोणी वापरत नाही. बंगालीत मात्र तो जिवंत आहे, कारण त्यांनी तो हिशेबवहीत वाचला नव्हता, दारात पाहिला होता.

उलट बाजूने पाहा. आपल्यावर जे आले त्यांची नावे आपणही अशीच जपली आहेत. कुठे बेबंदशाही दिसली की ‘मोगलाई लागून गेली आहे का’ असे आपण विचारतो. सावकार अंगावर आला की त्याचे व्याज पठाणी होते. लुटारू म्हटले की पेंढारी आठवतात. म्हणजे मार खाणाऱ्याची भाषा कशी लक्षात ठेवते, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. मार देणाऱ्याची भाषा काय करते, तेही मराठीतच पाहता येते. ‘स्वारी’ हा शब्द घ्या. स्वारी बंगालवर गेली, आणि स्वारी आज लवकर जेवायला बसली; दोन्ही वाक्ये आपल्याला सारखीच घरगुती वाटतात. ‘मुलूखगिरी’ तर आता सुट्टीत हिंडून येण्याला म्हणतात. एकच शब्द याला अपवाद आहे. ‘खंडणी’ आज वर्तमानपत्रात वाचली की बिल्डर, दुकानदार, धमकीचे फोन आणि पोलिसांचे खंडणीविरोधी पथक डोळ्यांसमोर येते. खंडणी म्हणजे काय ते मराठीला कळते, फक्त ती द्यायची वेळ आपल्यावर आलेली असावी लागते. इतिहासाच्या पुस्तकात तोच शब्द आला की आपण तो पराक्रमाच्या खात्यात मांडतो.

गंगारामचे काव्य हे खाते उलटे करून दाखवते. त्याची चौकट पौराणिक आहे. माणसे पापात बुडाली, पृथ्वीला भार झाला, ती ब्रह्मदेवाकडे गेली, ब्रह्मदेव शंकराकडे गेला आणि शंकराने नंदीला दक्षिणेत शाहू राजाकडे धाडले. शाहूच्या मनात चौथाई वसूल करण्याची प्रेरणा आली, ती या दैवी योजनेतून. कवी इथे आक्रमकाला थेट देवाचा हुकूम देऊन पाठवतो. पुढच्याच वर्षी, १७५२ मध्ये, नदियाच्या कृष्णचंद्र राजाच्या आश्रयाने भारतचंद्र राय याने ‘अन्नदामंगल’ पूर्ण केले. त्यातही अशीच चौकट आहे. अलीवर्दीच्या सैन्याने भुवनेश्वरात देवस्थानाची आगळीक केली, नंदी संतापला आणि मग साताऱ्याच्या राजाला दृष्टांत झाला. दोन्ही कवींना आपल्यावरच्या आपत्तीचा अर्थ लावायचा आहे आणि दोघेही तो आधी आपल्याच लोकांच्या आणि राज्यकर्त्यांच्या पापात शोधतात.

गंगाराम मोठा ठरतो तो यानंतर. चौकट उभी केल्यावर तो तिच्यात डोळे मिटून बसत नाही. फौज वर्धमानजवळ येते, नवाबाचा तळ वेढला जातो, दाणागोटा तुटतो, आणि थोरामोठ्यांवरही केळीचे कंद उकडून खाण्याची पाळी येते. मग कवी तळावरून नजर काढून रस्त्याकडे वळवतो. इथून पुढच्या ओळी मला अठराव्या शतकातल्या कोणत्याही भारतीय भाषेतल्या उत्तम ओळींत घालाव्याशा वाटतात. कोण कोण पळाले, याची ती यादी आहे. ब्राह्मण पंडित पोथ्यांचे भारे घेऊन निघतात, सोनार तराजू घेऊन निघतात. गंधवणिक आणि कासार आपापला माल उचलतात, कोळी जाळी उचलतो. कायस्थ आणि वैद्य पळतात. ज्यांनी लढायचे ते क्षत्रिय आणि रजपूत तलवारी टाकून पळतात. शेख, सय्यद, मोगल, पठाण पळतात. जिला पाऊल उचलवत नाही अशी गर्भार बाई पळते.

यादी हा आपल्या जुन्या काव्यातला नेहमीचा अलंकार आहे. लग्नातल्या पक्वान्नांची, फौजेतल्या हत्यारांची, नगरातल्या पेठांची यादी आपण पुष्कळ वाचलेली असते. तिच्यातून वैभव दाखवायचे असते. गंगाराम तीच रीत उचलतो आणि तिच्यात वैभवाऐवजी गाव रिकामे होताना दाखवतो. पेठेचे वर्णन करताना कवी ज्या क्रमाने जाती आणि धंदे सांगतात, जवळजवळ त्याच क्रमाने इथे दारे बंद होत जातात. प्रत्येकाच्या हातात त्याच्या धंद्याचे हत्यार आहे, कारण उद्या कुठेतरी पोट भरायचे आहे. निर्वासितांच्या कुठल्याही आजच्या छायाचित्रात हेच दिसते.

याच भागात एक छोटा संवाद आहे. वाटेतले लोक पळणाऱ्यांना विचारतात, तुम्ही बर्गी पाहिले का? ते म्हणतात, डोळ्यांनी नाही पाहिले, सगळे पळताहेत म्हणून आम्हीही पळतो. ऐतिहासिक साधन म्हणून या संवादाची किंमत कदाचित शून्य असेल. साहित्य म्हणून तो सगळ्या काव्याचा कणा आहे. आक्रमण म्हणजे केवळ घोडे जिथे पोचतात तेवढी जागा नव्हे. घोडे पोचण्याआधी बातमी पोचते आणि बातमीनेच पेठ उठते. जो हे लिहितो, त्याला वाढवून सांगण्याची हौस नाही. सगळ्यांनी सगळे पाहिले असा दावा तो करत नाही, आणि म्हणूनच पुढे तो जे सांगतो त्यावर विश्वास बसतो.

पुढचे सांगणे सोपे नाही. रुपये द्या, रुपये द्या, एवढीच मागणी; न मिळाल्यास हात, नाक, कान कापणे; नाकातोंडात पाणी ओतणे; बायकांवर बलात्कार; घरे आणि देवळे जाळणे. मग जळलेल्या गावांची नावे येतात, चंद्रकोणा, मेदिनीपूर, वर्धमान आणि आणखी कितीतरी. गंगाराम इथे विशेषणे जवळजवळ वापरत नाही. एक क्रिया, मग दुसरी क्रिया, मग गावाचे नाव. मराठी वाचक म्हणून मला हा भाग पहिल्यांदा वाचताना सर्वांत जास्त खटकले ते आगी नव्हेत, बायका. परस्त्रीला मातेसमान मानणाऱ्या राजाची गोष्ट ऐकत आपण मोठे होतो. ती गोष्ट आपल्या स्वतःविषयीच्या कल्पनेचा पाया आहे, आणि हे काव्य नेमके तिथेच बोट ठेवते.

इथे एक आक्षेप हमखास येतो: मराठे लुटारू होते हा इंग्रजांनी रंगवलेला देखावा आहे. इंग्रजांनी मराठ्यांविरुद्ध लिहिले आणि त्यात स्वार्थ होता, हे खरेच आहे. पण तारखा पाहाव्यात. वर्धमानच्या राजाच्या पदरी असलेले पंडित वाणेश्वर विद्यालंकार यांनी ‘चित्रचंपू’ हा संस्कृत ग्रंथ १७४४ मध्ये लिहिला, त्यात शाहू राजाच्या सैनिकांना गर्भवतींचे, अर्भकांचे, ब्राह्मणांचे आणि दीनांचे मारेकरी म्हटले आहे. गंगाराम १७५१ चा, भारतचंद्र १७५२ चा. प्लासीची लढाई १७५७ ची. एक संस्कृत पंडित, एक दरबारी कवी आणि एक जवळजवळ अनाम गावकवी, तिघेही इंग्रज राज्यकर्ते होण्याआधी लिहीत होते आणि एकमेकांना दुजोरा देत होते. दुसरा आक्षेप असा की त्या काळी सगळेच असे करत. करत असतील. त्यामुळे जळलेल्या गावाचे काव्य खोटे ठरत नाही.

आजच्या वाचकाला या काव्यातला सर्वांत उपयोगी भाग दुर्गापूजेचा वाटेल. १७४२ च्या शरदात भास्कर पंडिताने काटव्याजवळ, भागीरथीच्या काठी, जमीनदारांकडून वर्गणी उकळून थाटात दुर्गापूजा मांडली. पूजा पुरी होण्याआधीच नवाबाच्या फौजेने पहाटे छापा घातला आणि भास्कर पंडित पूजा अर्धवट टाकून पळाला. गंगारामने याचा अर्थ आपल्या पुराणाच्या नियमाप्रमाणे लावला आहे. बर्गींनी स्त्रिया, ब्राह्मण, वैष्णव मारले म्हणून देवी कोपली आणि तिने आपली कृपा नवाबाकडे वळवली. ज्या दैवी योजनेने फौज आली, तीच योजना तिला सोडून गेली.

हिंदूंवर मुसलमान आणि मुसलमानांवर हिंदू अशा दोन रकान्यांत अठरावे शतक बसवू पाहणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे. मराठ्यांच्या बाजूला वाट दाखवायला मीर हबीब आहे. नवाबाच्या बाजूला साक्षात दुर्गा आहे. पळणाऱ्यांच्या यादीत पंडितही आहे आणि सय्यदही. कवीला धर्म कळत नाही असे नाही. तो भाविकच आहे. पण त्याच्या लेखी पूजा केल्याने पाप फिटत नाही. वर्गणी कशी गोळा केली, हे देवी विचारते.

काव्यात उणिवा आहेत. शेवट घाईत उरकला आहे. १७४४ मध्ये अलीवर्दीने भास्कर पंडिताला बोलणी करायच्या निमित्ताने मानकऱ्याला बोलावले आणि तंबूत दगा करून सरदारांसह मारले. बोलावून मारण्याच्या या कृत्यावर गंगाराम जेवढे थांबायला हवे तेवढे थांबत नाही. रस्त्यावरच्या माणसांबद्दल जी नजर होती ती इथे त्याने बाजूला ठेवली. शत्रूचा मृत्यू म्हणजे कथेचा शेवट, एवढ्यावर तो समाधान मानतो. ज्याला देवीचा न्याय इतका बारीक दिसला, त्याला माणसाचा दगा इतका ठोकळ का दिसावा? आपल्या बाजूच्या अन्यायाकडे डोळेझाक करण्याची सवय फक्त जिंकणाऱ्यांना असते असे नाही.

या आक्रमणाची दुसरी खूण कोलकात्याच्या जमिनीत आहे. १७४२ मध्ये बर्गींच्या भीतीने इथल्या रहिवाशांनी कंपनीकडे परवानगी मागितली आणि गावाभोवती खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता, तीनेक मैल खोदून झाले, मराठे काही आले नाहीत आणि काम थांबले. पुढे खंदक भरून त्या रेषेवर सर्क्युलर रोड झाला, तोच आजचा आचार्य प्रफुल्लचंद्र रोड आणि आचार्य जगदीशचंद्र बोस रोड. बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली अजून आहे. या शहराची एक हद्द आपल्या भीतीने आखली गेली आहे. पश्चिमेकडची माणसे नदी ओलांडून कंपनीच्या आसऱ्याला आली, गाव वाढले, आणि नवाबाची तिजोरी मात्र वर्षानुवर्षांच्या लढायांत रिती झाली. १७५७ ला जे घडले, त्याच्या तयारीत आपलाही हात होता. मराठ्यांनी इंग्रजांना कसे रोखून धरले, याची गोष्ट आपण सांगतो, तेव्हा तिला जोडून हेही सांगायला हवे.

आता एक योगायोग. ‘महाराष्ट पुराणा’चे हस्तलिखित पूर्व बंगालातल्या मैमनसिंह जिल्ह्यात सापडले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्याच्या बंगीय साहित्य परिषदेच्या पत्रिकेत ते छापले गेले. त्याची इंग्रजी आवृत्ती एडवर्ड डिमॉक आणि दुसऱ्या बाजीरावावर ग्रंथ लिहिणारे इतिहासकार प्रतुलचंद्र गुप्त यांनी तयार केली. ती १९६५ मध्ये निघाली होनोलुलूहून, ईस्ट-वेस्ट सेंटरच्या छापखान्यातून. होनोलुलू ही एके काळच्या हवाई राज्याची राजधानी. जानेवारी १८९३ मध्ये ‘बॉस्टन’ या अमेरिकी युद्धनौकेवरचे सैनिक तिथे उतरले, त्यांच्या आधाराने तिथल्या गोऱ्या पुढाऱ्यांनी राणी लिलिउओकलानीला गादीवरून काढले आणि १८९८ मध्ये बेटे अमेरिकेला जोडली गेली. त्याच वर्षी राणीने आपल्या देशाची कथा पुस्तकरूपाने छापली. शंभर वर्षांनी, १९९३ मध्ये, अमेरिकी काँग्रेसने माफीचा ठराव केला. बर्गींचे पुराण इंग्रजीत आले ते अशा मातीतून.

बेटे लहान असतात म्हणून त्यांच्यावर आलेले सैन्य स्पष्ट दिसते. ग्रेनेडा हे कॅरिबियनमधले लाखभर वस्तीचे बेट. १९ ऑक्टोबर १९८३ रोजी तिथला पंतप्रधान मॉरिस बिशप याला त्याच्याच पक्षातल्या विरोधी गटाच्या सैनिकांनी गोळ्या घातल्या. २५ ऑक्टोबरला अमेरिकी फौजा उतरल्या. २ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०८ विरुद्ध ९ मतांनी या कृतीचा निषेध केला. तीन वर्षांनी क्लिंट ईस्टवुडचा ‘हार्टब्रेक रिज’ हा चित्रपट आला. त्यात ग्रेनेडा ही एका वयस्क सार्जंटची शेवटची कामगिरी आहे. बेटावरच्या माणसांना त्यात बोलायला फारशी जागा नाही. आपल्या ‘स्वारी’ या शब्दाचे हे चित्रपटातले रूप म्हणायला हरकत नाही.

बेटाच्या बाजूने जे लिहिले गेले ते वेगळे आहे. आक्रमणाच्या वेळी डियॉन ब्रँड ग्रेनेडात कामाला होत्या; त्यांचा ‘क्रॉनिकल्स ऑफ द होस्टाइल सन’ हा कवितासंग्रह १९८४ मध्ये आला. मर्ल कॉलिन्स यांची ‘एंजल’ ही कादंबरी १९८७ ची. तिच्यात तीन पिढ्यांच्या बायका आहेत, त्यांची पत्रे आहेत, बेटावरची बोली आहे, आणि आक्रमण येते ते अगदी शेवटाकडे, तोवर ती माणसे आपली झालेली असतात. कॉलिन्स एक अवघड गोष्ट लपवत नाहीत. बिशपच्या खुनाने हादरलेल्या अनेकांना परकी फौज सुटका वाटली. ग्रेनेडात २५ ऑक्टोबर हा दिवस आभारदिन म्हणून सुट्टीचा आहे, आणि तिथल्या विमानतळाला २००९ मध्ये नाव दिले गेले ते मॉरिस बिशपचे. एकाच छोट्या बेटाने दोन्ही जपले आहे.

गंगारामला ही अडचण ओळखीची वाटली असती. त्याच्याही कथेत आक्रमक आधी पापावरचा उपाय म्हणून येतो आणि मग उपायच रोगापेक्षा भयंकर ठरतो. आपल्या राज्यकर्त्यांवर राग असणे आणि बाहेरची फौज नको असणे, या दोन भावना एकाच माणसात राहू शकतात. चांगले साहित्य त्यांतली एक पुसून टाकत नाही.

बंगालने पुढे ही आठवण स्वतःच बदलून पाहिली. रमेशचंद्र दत्तांनी १८७८ मध्ये ‘महाराष्ट्र जीवन प्रभात’ ही शिवाजी महाराजांवरची कादंबरी लिहिली. सखाराम गणेश देउस्कर हे देवघरजवळ वाढलेले मराठी माणूस. त्यांनी बंगालीत ‘देशेर कथा’ लिहिले, जे सरकारने १९१० मध्ये जप्त केले. त्यांच्याच शिवचरित्रविषयक पुस्तिकेसाठी १९०४ मध्ये रवींद्रनाथांनी ‘शिवाजी उत्सव’ ही कविता दिली. १९०६ मध्ये कोलकात्याच्या शिवाजी उत्सवाला टिळक आले. त्या राजकारणाला बर्गी नको होता, शिवाजी हवा होता, आणि परक्या सत्तेशी झुंजायचे असताना ही निवड समजण्यासारखी आहे. पण यात उदारपणा बंगालने दाखवला, हे आपण विसरतो. आपल्या अंगाईतल्या भीतीला त्यांनी जरा बाजूला सरायला सांगितले. त्याच्या उत्तरादाखल मराठीने काय दिले?

एक उत्तर आहे. जदुनाथ सरकार आणि रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांची मैत्री काही दशके टिकली. सरकारांनी बर्गींच्या अत्याचारांविषयी हातचे न राखता लिहिले. सरदेशांशी त्यांचा पत्रव्यवहार आणि एकत्र काम त्यामुळे थांबले नाही. इतिहासकारांना जे जमले ते आपल्या ललित साहित्याला जमलेले मला दिसत नाही. पानिपतावर आपण पिढ्यान् पिढ्या रडलो, बखरीपासून विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’पर्यंत. ते रडणे खरे होते आणि त्यातून मोठे लेखन झाले. पण पानिपत हा आपला पराभव आहे. आपल्या विजयात जे मेले त्यांच्यासाठी मराठी कादंबरीत जागा शोधावी लागते.

ही जागा करण्यासाठी बाहेरून कसोटी आणायची गरज नाही. शिवाजी महाराजांचे चिपळूणच्या छावणीला लिहिलेले पत्र शालेय मुलांनाही ठाऊक असते. रयतेच्या भाजीपाल्यालाही हात लावू नका, जे हवे ते बाजारातून विकत घ्या, नाहीतर लोक म्हणतील की याहून मोगल परवडले, असा त्याचा आशय. या पत्राचा आपण अभिमान बाळगतो आणि तो योग्यच आहे. पण पत्राचा खरा वाचक तो, जो विचारतो की पुढे ते पाळले गेले का. त्या प्रश्नाचे एक उत्तर काटव्याच्या वाटेवर आहे आणि गंगारामने ते लिहून ठेवले आहे. पत्र आणि पुराण शेजारी शेजारी ठेवून शिकवले, तर पत्राचे मोल कमी होणार नाही. उलट ते कशासाठी लिहावे लागले, हे मुलांना पहिल्यांदा नीट कळेल.

त्यासाठी हे काव्य मराठी वाचकासमोर बोली मराठीत यायला हवे. अनुवादकापुढे पहिल्याच पानावर पेच उभा राहील: ‘बर्गी’ या शब्दाचे काय करायचे? ‘बारगीर’ म्हटले तर तो पुन्हा हिशेबवहीत जाऊन बसेल. ‘मराठे’ म्हटले तर सगळ्या मराठ्यांवर एकच ठपका येईल, आणि घोड्यावरचा तो चाकरही कुठल्या तरी कोरडवाहू गावाचाच होता, हे हरवेल. ‘लुटारू’ म्हटले तर आपली सुटकाच झाली. लुटारू कोणीही असू शकतो. मला वाटते शब्द ‘बर्गी’च ठेवावा, तळटीप न देता. मराठी वाचक तो आधी परका म्हणून वाचेल. पळणाऱ्यांच्या यादीपर्यंत पोचता पोचता हा शब्द कुठून आला, ते त्याच्या लक्षात येईल.